तिसऱ्या दिवशी सिगारेट परत हातात येते, त्याचं काय करायचं

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३४, हिंगणा एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, दिवसाला १४-१५ सिगारेटी, नाइट असली की २० वर जाते, बारा वर्षांपासून. गेल्या वर्षभरात तीनदा सोडली आणि तिन्ही वेळा तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी परत सुरू. त्या दिवसांत डोकं जड, झोप नाही, पोट साफ नाही, बायकोवर आणि पोरीवर उगाच ओरडणं. दुसऱ्या खेपेला मित्राने सांगितलं म्हणून सिगारेटच्या जागी खर्रा (सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला) धरला. तिसऱ्या खेपेला मेडिकल स्टोअरमधून निकोटीनचं च्युइंगगम आणलं तर "घसा जळला, उचक्या लागल्या, फरक काही नाही". पहिली सकाळी संडासात जातानाच पेटते, शिवाय शिफ्ट सुटल्यावर हिंगणा टी-पॉइंटच्या चहासोबत, रविवारी तर्री-पोह्यांनंतर आणि दोन पेग झाल्यावर ठरलेली. ठेल्यावर उधारीचं खातं आहे. आणि शेवटी विचारलंय की माझ्यात विलपॉवरच नाही का.

भाऊ, मी सतरा वर्षांपासून नागपुरात हेच काम करून राहिलो, तंबाखू सोडवायचं. डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, गोळ्या डॉक्टर लिहून देतात आणि पेशंटचं डोकं मी खातो. त्याच्याआधी स्वतः नऊ वर्षं ओढली. म्हणून विलपॉवरचा विषय पहिल्याच झटक्यात बाजूला ठेवतो. जो माणूस तीनदा तीन-तीन दिवस सिगारेटशिवाय राहिला त्याच्यात विलपॉवर भरपूर आहे. तुमचा घोळ वेगळाच आहे, तुम्ही पहिल्या खेपेला निकोटीन एका रात्रीत शून्य केलं, चहा तेवढाच ठेवला, गम चुकीचं खाल्लं आणि तेही कमी खाल्लं. या तिन्ही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

पहिले तिसऱ्या दिवसाचं समजून घ्या. झुरका मारल्यावर निकोटीन मेंदूत पोचायला १० ते २० सेकंद लागतात, इतकी फास्ट डिलिव्हरी सुईनेही होत नाही. एका सिगारेटचे दहा झुरके धरा, १५ सिगारेटींचे दीडशे, वर्षाचे जवळपास ५५ हजार, बारा वर्षांचे साडेसहा लाख. साडेसहा लाख वेळा मेंदूला शिकवलं की हात तोंडाकडे गेला की बरं वाटते. एवढ्या वेळा तर आपण स्वतःचं नावही सांगितलं नसेल कोणाला. आणि मेंदू काय करते, सतत निकोटीन येऊन राहिलं म्हणून ते पकडणाऱ्या जागा, रिसेप्टर म्हणतात त्याला, वाढवून ठेवते. तुम्ही सिगारेट बंद केली की या सगळ्या वाढीव जागा एकदम रिकाम्या, आणि त्या रिकाम्या जागांचीच ती ओरड असते. चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं, रडू येणं, भूक, झोपेची वाट लागणं, सगळं तिथून.

आता निकोटीन रक्तातून लवकर निघून जाते, दर दोन तासांनी साधारण अर्धं. म्हणून तर तुम्हाला तासा-दीड तासाने ओढावी वाटते. आणि म्हणूनच सकाळची पहिली सगळ्यात भारी लागते, रात्रभर सात-आठ तास काही गेलेलं नसते, तुम्ही उठताच विथड्रॉवलमध्ये, म्हणजे निकोटीन तुटल्याच्या त्रासात, असता आणि पहिली सिगारेट तो त्रास थांबवते. लोक म्हणतात सिगारेटनं टेन्शन कमी होते. होते ना, पण ते टेन्शन आधीच्या सिगारेटनंच लावून दिलेलं असते. सोडून महिना-दीड महिना झाला की बहुतेकांचं टेन्शन ओढायच्या दिवसांपेक्षा कमीच होते, हे तपासून पाहिलेलं आहे आणि माझ्यासमोर बसलेल्या माणसांतही दिसते.

त्रास पहिल्याच दिवसापासून सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातो, मग उतरायला लागतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराचसा संपतो. भूक मात्र जास्त दिवस पिच्छा पुरवते. म्हणजे तुम्ही तिन्ही वेळा काय केलं, रामटेकचा गड चढून गेले, शेवटच्या दहा पायऱ्या राहिल्या होत्या आणि तिथून परत खाली उतरले. सगळ्यात कठीण भाग करून झाला होता हो. आणि प्रत्येक वेळी परत शून्यापासून चढाई. मला राग नाही येत, वाईट वाटते, कारण असं रोज पाहतो.

आता चहा. हे कोणी सांगत नाही म्हणून जरा लांबण लावतो. सिगारेटच्या धुरात जे डांबरासारखे पदार्थ असतात, निकोटीन नाही, धूर, त्यांच्यामुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात काम करते आणि कॅफीनचा निपटारा पटापट होतो. म्हणून ओढणारा माणूस दिवसाला आठ चहा पचवतो. सिगारेट बंद केली की काही दिवसांतच ते एन्झाइम मंदावते आणि तेच आठ चहा रक्तात जास्त वेळ पडून राहतात, कॅफीनची पातळी दुपटीच्या आसपासही जाऊ शकते. मग काय होते? छाती धडधड, हात थरथर, झोप उडते, चिडचिड. आणि माणूस म्हणतो सिगारेट सोडल्यानं होऊन राहिलं. अर्धा त्रास सिगारेटचा, अर्धा चहाचा. त्यातून तुमची नाइट शिफ्ट, कंपनीतल्या मशीनचा तो गोड पाणी चहा तासातासाला, सिगारेट नाही म्हणून दोन जास्तच, हाताला काहीतरी पाहिजे ना. तर सोडायच्या दिवसापासून चहा-कॉफी सरळ अर्ध्यावर. आठ असतील तर चार, आणि नाइटला शेवटचा चहा रात्री एक-दोनच्या आत. चहा पूर्ण तोडू नका, कॅफीन एकदम बंद केल्यावरही डोकं दुखते, मग दोन विथड्रॉवल एकत्र भोगाल.

(जाता जाता, वाचणाऱ्यांपैकी कोणी मनाच्या आजारासाठी ओलान्झापिन, क्लोझापिन किंवा दम्यासाठी थिओफायलिन घेत असेल तर त्या गोळ्यांचंही असंच होते, धूर बंद झाला की रक्तातली मात्रा वाढते. सोडायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो. आणि शुगर-बीपीच्या गोळ्यावाल्यांनीही कळवून ठेवायचं.)

आता गम. मागच्या पावसाळ्यात एक काका आले, साठीचे, इतवारीत दुकान, बिडी सोडायची होती. म्हणाले तुमचं गम फालतू आहे. मी म्हटलं माझ्यासमोर एक खाऊन दाखवा. काकांनी गोळी तोंडात टाकली आणि घड्याळ लावल्यासारखं चावायला सुरुवात केली, कचकच कचकच, एका मिनिटात चाळीस-पन्नास वेळा, लाळ गिळून राहिले, दुसऱ्या मिनिटाला चेहरा वाकडा, तिसऱ्याला उचकी. तुमचं जे झालं तेच. निकोटीन गमचं औषध तोंडाच्या आतल्या कातडीतून शोषलं पाहिजे, पोटात गेलं की कामाचं नाही, फक्त घसा आणि पोट जाळते. मी विचारलं, काका, कधी खर्रा खाल्ला? ते हसले, नागपूरच्या माणसाला हे विचारायचं असते का. म्हटलं मग खर्रा जसा गालात दाबून ठेवता तसंच हे ठेवा. हळूहळू दहा-बारा वेळा चावायचं, जिभेला झिणझिणी किंवा तिखट चव आली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. मिनिटभराने झिणझिणी गेली की परत दोन-चारदा चावायचं, आता दुसऱ्या गालात. असं अर्धा तास. काकांना दहा सेकंदात समजलं, छापील पत्रक वाचून आयुष्यात समजलं नसतं. फक्त पिचकारी मारायची नाही एवढं दोनदा सांगावं लागलं, सवयीने उठून खिडकीकडे गेले होते.

आणखी एक, गम घ्यायच्या पंधरा मिनिटं आधी आणि तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी, कोल्ड्रिंक, संत्र्याचा ज्यूस काहीच नाही. तोंड आंबट झालं की निकोटीन शोषलंच जात नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत घरात संत्र्यांची पेटी असते, माणूस एक फोड तोंडात, लगेच गम तोंडात, आणि म्हणतो चालत नाही. साधं पाणी चालते.

मात्रेचं सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच मार खातात. २ मिलिग्रॅमच्या गमातून शरीराला साधारण १ मिलिग्रॅमच मिळते, तेही अर्ध्या तासात हळूहळू. एक सिगारेट तुम्हाला पाच मिनिटांत १ ते दीड देऊन मोकळी होते. तुम्ही १५ सिगारेटी बंद करून दिवसाला किती गम खाल्ले? मी पैज लावतो, दोन किंवा तीन, आणि तेही तलफ डोक्यात गेल्यावर. १५ च्या जागी ३. तापाला पाव गोळी घेऊन डोलो बेकार आहे म्हणायचं, असं झालं हे. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासाला एक, दिवसाला ८ ते १२, तलफ यायची वाट न पाहता घड्याळ पाहून. मग तीन आठवडे दोन-चार तासाला एक, मग चार-आठ तासाला, करत करत तीन महिन्यांत बंद. २ मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय मिळते. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटवत असाल तर ४ मिलिग्रॅम लागते, त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. तुम्ही तर म्हणता संडासात जातानाच पेटवतो, म्हणजे तुमचं ४ वालं प्रकरण आहे, चिठ्ठी घ्या.

"पण मग गमची सवय लागली तर?" हे प्रत्येक जण विचारतो. बारा वर्षं पाकिटावरचा सडलेल्या तोंडाचा फोटो रोज पाहून ओढली आणि आता गमची भीती! काही लोक गम तीनच्या ऐवजी सहा महिने खातात, खाऊ द्या. कॅन्सर आणि हार्टचं मुख्य नुकसान धुरातलं डांबर, कार्बन मोनॉक्साइड, शेकडो विषारी पदार्थ करतात. निकोटीन माणसाला बांधून ठेवते, म्हणून दोरी हळूहळू ढिली करायची. हां, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर स्वतःच्या मनाने नाही, डॉक्टरला विचारून.

पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी, हा दुसरा पर्याय. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमचा सहा आठवडे, मग १४ चा दोन, ७ चा दोन. रोज सकाळी नवीन, रोज जागा बदलून, दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या कातडीवर. पॅच दिवसभर तळाला आधार देते आणि वरून अचानक येणाऱ्या तलफेसाठी गम, या दोघांची जोडी एकट्या-एकट्यापेक्षा चांगली चालते, शिफ्टवाल्यांना तर मी तीच सुचवतो, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीत. पण नागपूरचा मे महिना पाहता सांगतो, ४५ डिग्रीत घामानं पॅच सुटून शर्टाला चिकटते आणि माणसाला संध्याकाळपर्यंत पत्ता नसतो. शिवाय अंग तापलं की पॅचमधलं निकोटीन जास्त शोषलं जाते, फर्नेसजवळ काम असेल तर मळमळ-चक्कर येऊ शकते. तुम्ही कोणत्या सेक्शनला आहात लिहिलं नाही. रात्री भलतीसलती स्वप्नं पडली तर झोपताना काढून ठेवायचा.

गोळ्यांत व्हरेनिक्लिन सगळ्यात दमदार. सोडायच्या एक आठवडा आधी सुरू करतात, पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस अर्धा दोनदा, मग १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. मजा अशी की त्या आठवड्यात ओढली तरी चव लागत नाही, लोक अर्धी ओढून फेकतात आणि येऊन मला सांगतात की सर माल खराब येऊन राहिला. मळमळ होते, म्हणून पोटभर जेवून आणि पूर्ण ग्लास पाण्याबरोबर. किडनीचा त्रास असेल तर डोस बदलतो. दुसरी बुप्रोपियॉन, फिट येणाऱ्याला अजिबात नाही. दोन्ही चिठ्ठीच्या गोळ्या आहेत, माझं वाचून केमिस्टकडे पळू नका. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या छातीच्या नाहीतर मानसोपचार ओपीडीत जाऊन सरळ म्हणा, सिगारेट सोडायची आहे, औषध पाहिजे. लाजायचं काही नाही.

आता खर्रा. तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा आणि त्याचा सल्ला परत करा. २०१६-१७ च्या देशव्यापी सर्व्हेत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले होते आणि खाणारे-चघळणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे खरा राक्षस तोंडात आहे, आणि विदर्भात तर तो पन्नीत घोटून मिळते. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू, चुना. चुन्यानं तोंडातलं निकोटीन आणखी चांगलं शोषलं जाते, रक्तात जास्त वेळ टिकते, म्हणजे तुम्ही विथड्रॉवलमधून बाहेर यायच्या ऐवजी पगार वाढवून तीच नोकरी धरली. वरून सुपारी स्वतःच कॅन्सर करते, तंबाखू नसली तरी, म्हणून "साधी सुपारी", "मीठी सुपारी" हाही मार्ग नाही. तोंड उघडणं कमी होते तो आजार सुपारीनंच होतो आणि तो परत फिरत नाही. आत्ता, वाचता वाचता, तीन बोटं उभी करून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर सिगारेटचं नंतर, उद्याच डेंटल कॉलेजात दाखवा. व्हेपचंही कोणीतरी विचारेलच, त्याची विक्री देशात २०१९ पासून बंद आहे, चोरून मिळणाऱ्या मालात काय भरलंय कोणाला माहीत. विषय संपला.

पोट साफ होत नाही ही तक्रार खरी आहे, वहम नाही. निकोटीन आतड्याला ढकलते, ते बंद झालं की आतडं दोन-तीन आठवडे आळशी होते. आणि सकाळी संडासाला सिगारेट घेऊनच जायची सवय असलेल्या माणसाला हे एकच कारण परत सुरू करायला पुरते, मी अशी कितीतरी माणसं पाहिली जी ऑफिसमध्ये, पार्टीत, सगळीकडे टिकली आणि संडासाच्या दारात हरली. उपाय आपल्या आजीचेच, रात्री कोमट पाण्यात दोन चमचे इसबगोल, सकाळी उठल्या-उठल्या दोन ग्लास पाणी, मग दहा मिनिटं घरातल्या घरात चालणं, मगच जायचं. पपई, पालेभाजी. सावजी आठवड्याला एकदाच ठेवा सध्या. हे सोडायच्या दोन दिवस आधीच सुरू करा.

खोकला वाढला तर घाबरू नका, फुप्फुसातली झाडू मारणारी यंत्रणा परत जागी होते, काही आठवडे बेडका पडतो. रक्त पडलं किंवा वजन आपोआप उतरून राहिलं तर मात्र लगेच छातीच्या डॉक्टरला. तोंडात छाले येतात, आठ-पंधरा दिवसांत जातात. वजन वर्षभरात सरासरी ४-५ किलो वाढते, खोटं कशाला सांगू, कोणाचं जास्त कोणाचं काहीच नाही. पण पहिल्या महिन्यात डाएट सुरू करू नका, दोन लढाया एकदम नको. फुटाणे, मुरमुरे, बडीशेप, लवंग खिशात. संत्रा बर्फीच्या डब्याजवळ मात्र बसू नका.

चिडचिडीचं, घरी आधीच सांगून ठेवा. आणि "मी सोडून राहिलो, सांभाळून घे" एवढं मोघम नाही. तारीख सांगा, की या तारखेपासून चार दिवस मी बेकार वागणार आहे, ते तुझ्यामुळे नाही, मी उठून गच्चीवर गेलो तर मागे येऊ नको. पोरीच्या शाळेची मीटिंग, सासुरवाडीचा पाहुणचार, ईएमआयचं भांडण, काहीच त्या चार दिवसांत ठेवायचं नाही. मन फारच खाली गेलं, जगावंसंच वाटेना असं झालं, तर थांबू नका, १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

तारीख अशी निवडा की नाइट शिफ्ट संपून सुट्टी लागते आणि पुढचे दिवस डे शिफ्टचे. नाइटमध्ये सोडणं म्हणजे मुद्दाम उतारावर ब्रेक काढणं. हळूहळू कमी करत जाऊ म्हणाल तर माझा कल तिकडे नाही, पंधराच्या पाच केल्या की माणूस त्या पाच अशा खोल ओढतो की निकोटीन जवळपास तेवढंच घेतो, आणि उरलेल्या पाच सोन्याच्या होतात. ठरलेल्या दिवशी एकदम बंद, पण हातात पुरेसं गम घेऊन. निव्वळ जिद्दीवर, काही मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी वर्षाअखेर शंभरात तीन ते पाचच टिकलेले असतात. औषध आणि कोणाशी तरी नियमित बोलणं, दोन्ही असलं की आकडा बराच सुधारतो. बोलायला माझ्यासारखा कोणी जवळ नसेल तर राष्ट्रीय क्विटलाइन आहे, १८००-११२-३५६, पाकिटावर छापलेलाच नंबर, पैसे लागत नाही. ओढताना इतकी वर्षं तो नंबर डोळ्यासमोर धरायचे, एकदा लावूनही पाहा.

तलफेचा एक झटका तीन ते पाच मिनिटांचा असतो, फार तर दहा. ती लाट आपोआप उतरते, तुम्ही ओढा की नका ओढू. तेवढ्या वेळात जागा बदलायची एवढंच काम. बसले असाल तर उठा, आत असाल तर बाहेर, गार पाणी घोट-घोट प्या, फोन लावा. आणि ज्या ठिकाणी तलफ हमखास येते ती ठिकाणं आधीच कागदावर लिहा. तुमच्या प्रश्नातूनच मला चार दिसतात: संडास, हिंगणा टी-पॉइंटचा शिफ्ट सुटल्यावरचा चहा, रविवारची तर्री-पोह्यानंतरची, आणि दोन पेग झाल्यावरची. पहिलीचं वर सांगितलं. टी-पॉइंटवर पंधरा दिवस थांबायचंच नाही, गाडीला सरळ घरचा रस्ता, दोस्त शिव्या देतील, देऊ द्या. तर्री-पोहे घरी बोलवा. आणि दारू महिनाभर बंद, ही मागणी जास्त वाटेल पण तीन आठवडे टिकलेली माणसं मी सगळ्यात जास्त तिथेच पडताना पाहिली, दुसऱ्या पेगनंतर सगळे निश्चय ग्लासात विरघळतात.

माझं स्वतःचं सांगतो. माझे ४० दिवस झाले होते, अमरावतीला मावसभावाचं लग्न, मांडवामागे सगळे पोट्टे जमले, एकाने पुढे केली, म्हटलं एक कश, आता आपण सुटलोच आहोत तर काय होते. काही झालं नाही. चक्कर आली, चवही घाण लागली. त्यामुळेच वाटलं की आपल्याला आता काही होत नाही, रिसेप्शनला एक, परतीच्या रस्त्यात तळेगावच्या ढाब्यावर एक, आणि सोमवारी मी पाकीट विकत घेतलं. पुढे आणखी सात महिने ओढली. त्या एका कशापेक्षा "आता गेलंच सगळं" हा विचार जास्त महाग पडला. म्हणून तुमच्याकडून एखादी झाली तर पाकीट तिथेच चुरगळून टाका, पुढचा गम तोंडात, आणि त्याच रात्री लिहून ठेवा की कुठे, कोणासोबत, किती वाजता. पुढच्या वेळी ती जागा यादीत पाचवी. परत पहिल्या दिवसापासून मोजत बसू नका, चाळीस दिवसांत शरीरानं कमावलेलं एका कशानं वाहून जात नाही.

शरीराचं म्हणाल तर ते वाट पाहत बसत नाही. वीस मिनिटांत नाडी उतरायला लागते, एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निघून जातो, वर्षभरात हार्टचा वाढलेला धोका अर्ध्यावर येतो, दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढणाऱ्याच्या अर्ध्यावर. तुम्ही ३४ चे आहात, चाळिशीच्या आत सोडणाऱ्याला बहुतेक सगळंच परत मिळते.

राहिली ठेल्याची उधारी. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे, पण तुमच्या खात्यात एक-एक करून लिहिलेलं असेलच, ते आपल्याला माहीत आहे. खातं चालू असेपर्यंत त्या ठेल्यावर जायला तुमच्याकडे कायम एक कारण आहे, "हिशेब द्यायचा आहे" म्हणून जाल आणि पेटवून परत याल. म्हणून सोडायच्या आदल्या दिवशी, सगळे पैसे चुकते करा, वहीतलं नाव त्याला तुमच्यासमोर खोडायला लावा. आणि एकटे जाऊ नका, पोरीला गाडीवर पुढे बसवून न्या.